जोगेश्वरीतलं हिवर्डी

आमच्या जिल्ह्यात हिवर्डी नावाची गावं दोन तरी असतील, पण एक हिवर्डी मुंबईत आहे असं सांगितलं की लोक हसतात. ते जोगेश्वरी पूर्वेला, एका टेकडीवर आहे. आहे म्हणायचं की होतं म्हणायचं, ते तुम्ही हे कधी वाचाल त्यावर अवलंबून.

ते वसवलं माझ्या मोठ्या चुलत्यांनी. त्यांना सगळे तात्या म्हणत. मी त्यांना आयुष्यात दोनदाच पाहिलं, तेही कुणाच्या तरी मयतीला आले तेव्हा. बहात्तरच्या दुष्काळात ते बायकोला घेऊन मुंबईला गेले आणि दगडाच्या खाणीत कामाला लागले. बायको दोनेक वर्षांनी गावी परत आली. तात्या तिकडेच राहिले, दुसरं लग्न केलं, टेकडीवर वस्ती उभी केली आणि तिकडेच वारले.

परत आलेली ती बायको म्हणजे माझी मोठी माय, गयाबाई. मी तेव्हा पाळण्यात होते. आई मजुरीला जायची, त्यामुळे मला वाढवलं ते मोठ्या मायनेच. पुढे मी शिकले, शाळेत शिक्षिका झाले, तरी गावात कुणी तिची ओळख करून द्यायला लागलं की एकच शब्द वापरायचं: टाकलेली. तिच्यासमोरसुद्धा. तिने त्यावर कधी हूं की चूं केलं नाही.

या एप्रिलमध्ये मिलिंदचा फोन आला. मिलिंद म्हणजे तात्यांच्या दुसऱ्या बायकोचा मुलगा. आमचं बोलणं वर्षातून एखाद्या वेळी, कुणाचं लग्नबिग्न असलं तरच.

"ताई, टेकडी खाली करायची आहे. बिल्डिंग होतेय आपली. पाडायच्या आधी मोठ्या आईंना एकदा घेऊन याल का? आई रोज मागे लागलीय."

ही आई म्हणजे शेवंताबाई. या दोघी बायकांनी एकमेकींचं तोंड कधी पाहिलेलं नव्हतं.

माझा भाऊ म्हणाला, "अंगठा घ्यायला बोलावलं असंल. थोरली बायको हीच ना. हक्क सोडला म्हणून लिहून घेतील आणि पाठवून देतील परत." खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. मोठी माय तूर निवडत बसली होती. तिने सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "कवा निघायचं?"

वाकोला

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बसमध्ये ती झोपली आणि मी जागी राहिले. सकाळी आम्हाला वाकोल्याच्या पुलाजवळ उतरवलं. मिलिंद तिथे उभाच होता. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, खांद्याला बॅग. एका ऑफिसच्या इमारतीत तो इलेक्ट्रिशियन आहे. त्याने वाकून पायाला हात लावला आणि मोठ्या मायने त्याच्याकडे चांगलं निरखून पाहिलं.

"कान बापाचेच हायेत," ती म्हणाली. तिच्या तोंडून तात्यांचा उल्लेख मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

वाकोल्याला आम्ही चहा प्यायलो. आमच्याकडे चहा म्हणजे पेला भरून, वर बशी. इथे काचेचा एवढासा ग्लास, तोही अर्धा. "ह्यानं दात बी भिजायचे न्हाईत," मोठी माय म्हणाली. मिलिंदने तिला लागोपाठ आणखी दोन पाजले. सकाळची वेळ असूनही अंगाला घाम चिकटत होता. आमच्याकडे मे महिन्यात चटका बसतो, पण सावलीत गेलं की माणूस सुटतो. इथे सावलीतही सुटका नाही. नाल्याचा वास, मासळीवाल्यांच्या पाट्या आणि जो तो घाईत. आमच्या गावात त्या वेळी माणसं ओट्यावर बसून, आज काय करायचं याचा विचार करत असतात.

रिक्षावाला मराठी पोरगा होता. हिवर्डीनगर म्हटल्यावर त्याने आरशातून विचारलं, "काका, हिवर्डी म्हणजे काय ओ? मला वाटायचं हिवाळ्यावरून असेल."

"गाव आहे माझ्या बापाचं," मिलिंद म्हणाला.

टेकडीच्या पायथ्याला निळी कमान होती. तिथे उतरल्यावर मोठ्या मायने मला विचारलं, "काय लिव्हलंय?" मी वाचून दाखवलं. तिला हे नाव माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत आम्ही कुणी तिला सांगितलंच नव्हतं. तिला दुखेल असं वाटायचं.

"नाव बी तेच ठिवलं व्हय," एवढं बोलून ती चढायला लागली.

टेकडी

पायऱ्या उंच होत्या. मिलिंद म्हणाला, "खुर्ची आणतो, आम्ही पोरं उचलून नेऊ." तिने मानेनेच नको म्हटलं. थांबत थांबत ती चढली. दोन्ही बाजूंना घरं, घरांवर घरं, बाहेर लोखंडी जिने, निळी पिंपं, मधून वाहणारी गटारं, आणि प्रत्येक दारात स्वच्छ पुसलेला उंबरा. मी गल्लीची रुंदी बघत होते. बाकी सगळं इतकं दाटीवाटीचं असताना मधला रस्ता मात्र सरळ आणि मोकळा होता.

शेवंताबाई दारात उभ्या होत्या. बारीक अंग, जाड भिंगांचा चष्मा, डोक्यावरून पदर. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. शेवंताबाई पाया पडायला वाकायला लागल्या तर मोठी माय मागे सरकली.

"नगं. गुडघं दुखत्याल तुमचं."

"दुखतात की. तरी पडू द्या."

"बसा आधी."

आणि दोघी बसल्या.  मिलिंदची बायको संध्या पाणी घेऊन आली, मी भराभर काहीतरी बोलत राहिले, पाऊस यंदा कसा, गाडी कशी मिळाली. त्या दोघी एकमेकींकडे न बघता माझंच ऐकत होत्या. माझा सगळा जीव अंगठ्याच्या गोष्टीकडे लागला होता. शेवटी मी मिलिंदला बाहेर गाठलं आणि सरळ विचारलं.

तो आधी समजलाच नाही. मग म्हणाला, "कागदं केव्हाच झाली, ताई. तात्या होते तेव्हाच. त्यासाठी कोण बोलावेल?"

"मग कशासाठी?"

"ते आई सांगेल. मी सांगणं बरं नाही."

बोलणं सुरू झालं ते चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी. शेवंताबाईंनी आमच्यासाठी भाकरी करायचा हट्ट धरला होता आणि भाकरी परातीतच तुटत होती. मोठी माय थोडा वेळ बघत बसली आणि मग तिच्याने राहवेना.

"पिठाची विरी गेलीय."

"हितं ताजं मिळत न्हाई वो. पिशवीतलं हाय."

मोठ्या मायने आपली पिशवी सोडली. गावाकडून ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि आमटीसाठी येसराची पूड असं सगळं तिने आणलं होतं. ती स्वतः थापायला बसली आणि शेवंताबाई तव्यावर भाकरी उलटायला लागल्या. शेवंताबाई माण तालुक्यातल्या. तिकडे भाकरी बाजरीची. बाजरीच्या पिठाला पाणी किती आणि ज्वारीच्या किती, यावर दोघींचं चांगलं पाच-दहा मिनिटं चाललं. संध्याने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. 

संध्याकाळी मी एकटीच खालच्या सार्वजनिक संडासाकडे गेले आणि येताना रस्ता चुकले. सगळ्या गल्ल्या सारख्या. आत्मविश्वासाने एका घरात शिरले तर आत भलतंच कुटुंब टीव्ही बघत बसलेलं. बाहेर पायरीवर एक म्हातारे गृहस्थ चहा पीत होते. त्यांनी विचारलं, "कोण गो तू? खंयसून इलंस?"

मी सांगितलं. ते चटकन उभेच राहिले. "तात्याची पुतणी? बस, बस. सुनबाय, चाय ठेव गो!"

हे नाना, मालवणकडचे. परळच्या गिरणीत होते. वस्तीतले आता सगळ्यात जुने तेच. त्यांच्या सुनेने चहाबरोबर खायला तांदळाच्या पिठाची तळलेली गोड बोरं दिली. नाना जे सांगत होते त्यातलं मला जेवढं कळलं ते असं.

"परळाक खोलीत आमी माणसावर माणूस झोपत होतो. कोणीतरी म्हणालो, जोगेश्वरीक डोंगरार एक घाटी जागा देता. मी इलंय. तेवा हयसर दोन-तीन झोपड्यो. बाकी नुसतो कातळ आणि खाणीचो धुरळो. तुमच्या तात्यान माका काय इचारल्यान म्हायत आसा? 'कुटुंब आसा?' मी म्हटलंय, आसा, गावाक. तर म्हणता, 'मगे घेवन ये. येकट्या माणसाक जागा नाय.'" नाना हसले. "आणि तो स्वतः येकटोच रवत होतो."

खाणीतला दोर घेऊन तात्या जागा मोजून द्यायचे. सगळ्यांना सारखी. जास्त मागणाऱ्याला दोर दाखवायचे. आणि दोन रांगांच्या मध्ये रस्ता सोडायचा तो तिरडी नीट निघेल एवढा. एका माणसाने हट्टाने पुढे भिंत घेतली, तर तात्यांनी चार माणसं आणि एक मोकळी शिडी आणून ती गल्लीतून नेऊन दाखवायला लावली. शिडी अडकली. "म्हणालो, 'उद्या तुकाच न्यायचा आसा हयसून.' भिंत त्याच सांजेक पाडल्यान त्या माणसान."

नाना मला दारापर्यंत पोचवायला आले.

लेणी आणि तबेला

दुसऱ्या दिवशी मोठी माय म्हणाली, लेणी बघायची. मिलिंदला नवल वाटलं. मुंबईला आलेले पाहुणे समुद्र बघायचा म्हणतात. त्याने सुट्टी टाकली होती, तो आम्हाला घेऊन गेला.

जोगेश्वरीची लेणी जमिनीखाली आहेत. वर घरं, दोरीवर कपडे, आणि पायऱ्या उतरून गेलं की एकदम अंधार, गारवा, वटवाघळांचा वास. बाहेरच्या घामानंतर तिथे बरं वाटलं. मोठी माय खांबांना हात लावत एका कोपऱ्याशी गेली आणि खाली बसली.

"हितं ऱ्हायलो आमी," ती म्हणाली.

मिलिंदने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. त्यालाही हे माहीत नव्हतं.

"खाणीवर मुकादम ऱ्हाऊ देईना. सुरुंग लागला की दगडं येऊन पडायची. मंग हितं निजायचो. दिवाबत्तीला एक पुजारी यायचा, तो कायच बोलायचा न्हाई. तात्या म्हनायचे, दगडात घर करणारी मानसं व्हती, आपून दगडावर करू." थोडं थांबून ती म्हणाली, "मंग टेकडी हेरली त्यांनी."

तिथून तिला आरे कॉलनीत जायचं होतं. बस जोगेश्वरीतून निघाली आणि थोड्या वेळात रस्त्यावर झाडांची कमान झाली. आपण मुंबईत आहोत हे खरं वाटेना. संध्याने आधीच बजावलं होतं, अंधार पडायच्या आत या, तिकडे बिबट्या फिरतो. बसमधल्या एका बाईने मला कौतुकाने सांगितलं की त्यांच्या पाड्यात मागच्याच आठवड्यात कुत्रं नेलं. आमच्याकडे लांडग्याबद्दल लोक असंच बोलतात.

उतरायचं कुठे हे मोठ्या मायलाच ठाऊक, आणि ती म्हणे तबेला दिसला की सांगते. तबेले बरेच दिसले. शेवटी तिने एके ठिकाणी घाईघाईने उतरवलं आणि तो तबेला तिचा नव्हताच. मग आम्ही उन्हात चालत मागे आलो. वाटेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मिलिंदने खिशातली वायर काढून तो बांधून दिला, आणि वायर पायाला टोचत राहिली.

तिचा तबेला सापडला तो वासावरून नव्हे, उतारावरून. रस्ता जिथे खाली वळतो तिथे ती थांबली. तिथे म्हशींचा गोठा होता, शेण काढणारी माणसं उत्तर प्रदेशातली होती, त्यांना आमच्या येण्याचं कारण समजेना. नळ होता, पण तो नवा.

"टेकडीवर पानी नव्हतं," मोठी माय म्हणाली. "हितून न्यायचे. डोक्यावर हंडा आन् काखंत कळशी. डोंगर चढून उतरायचा. एक भय्या व्हता, तो म्हशी धुऊन झाल्यावर नळ चालू ठिवायचा माझ्यासाठी. मी पोटुशी व्हते ना, त्याला दिसायचं."

ती पोटुशी होती हे मी आजवर ऐकलं नव्हतं. पंचाहत्तरीला आलेल्या या बाईच्या मांडीवर मी वाढले, तिच्याशी एका ताटात जेवले, आणि हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी मिलिंदकडे पाहिलं. तो खाली बघत होता. त्याला माहीत होतं.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. चला, बस येईल."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. मी चपलेची वायर पुन्हा आवळत बसले.

मागची जागा

तिसऱ्या दिवशी सकाळी, चहा झाल्यावर, शेवंताबाई तिच्यासमोर येऊन बसल्या. पदर सारखा केला.

"मला तुमास्नी एक दावायचं हाय. त्यापायीच बोलावलं. माझ्याबरं मागं येता का?"

घराला मागचं दार आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं. दारामागे कातळाची उभी भिंत आणि घर यांच्यामध्ये एक पट्टी, एखादी खाट मावेल एवढी. जिथे माणसं वीतभर जागेसाठी भांडतात तिथे ती मोकळी होती. छत नाही, सामान नाही. मधोमध खाणीतला एक सपाट दगड, चुना लावलेला, आणि शेजारी डब्यात सदाफुली.

"ही अशोकची जागा," शेवंताबाई म्हणाल्या.

मोठ्या मायने दाराची चौकट धरली.  मग तिने विचारलं, "तुला नाव कुनी सांगितलं?" पहिल्यांदाच ती शेवंताबाईंना तू म्हणाली.

"त्यांनीच. लगीन करून आले त्याच दिशी. म्हनले, सगळं घर तुझं हाय, पर हितं कधी चूल मांडायची न्हाई. माझा ल्योक हाय हितं."

मग मोठी माय खाली बसली. दगडाला हात लावला नाही, नुसती त्याच्याजवळ बसली. हळूहळू सगळं बाहेर आलं. मूल टेकडीवर, झोपडीतच झालं. काही महिन्यांचं होऊन तापाने गेलं. तात्यांनी झोपडीच्या मागे, कातळाच्या आडोशाला खड्डा घेतला. खणायला दिवस गेला, कारण खाली सगळा दगड. त्यानंतर ती अन्न खाईना, म्हणून तात्यांनी तिला गावी आणून सोडलं. थोड्या दिवसांनी न्यायला आले.

"मीच गेले न्हाई," ती म्हणाली. "तात्या ओट्यावर तीन दिस बसून व्हते. मी सांगितलं, तुमच्या टेकडीवर मी पाय ठिवनार न्हाई. त्यांनी मला टाकलं न्हाई, बाई. मी त्यांना टाकलं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग लोक इतकी वर्षं म्हणत होते तेव्हा तू बोलली का नाहीस?"

"टाकलेली म्हनलं की लोक पुढं इचारत न्हाईत. मी गेले न्हाई म्हनलं असतं, तर का गेली न्हाईस म्हनून रोज इचारलं असतं. काय सांगायचं व्हतं?"

शेवंताबाई तिच्याशेजारी बसल्या. म्हणाल्या, "मला वाटायचं, तुमी माझ्यावर राग धरून असाल."

"तुझ्यावर कशाचा? तू व्हतीस म्हनून त्यांच्या घरात दिवा व्हता."

मिलिंद दारात उभा होता. त्याने मला नंतर सांगितलं, लहानपणी शाळेत कुणी विचारलं की तो म्हणायचा, आम्ही दोघं भाऊ. मोठा कुठे आहे विचारलं की म्हणायचा, घरीच असतो. शेजाऱ्यांनी त्या जागेवर डोळा ठेवून बऱ्याचदा भांडण काढलं. एकदा तर नानांच्याच मुलाने विटा आणून टाकल्या होत्या. शेवंताबाई दिवसभर त्या विटांवर बसून राहिल्या. कारण कुणाला सांगितलं नाही. लोक म्हणायचे, म्हातारी हट्टी आहे.

"आता समदी टेकडी सपाट करनार," शेवंताबाई म्हणाल्या. "हलवायचं म्हनाल तर मिलिंद बघंल. र्‍हाऊ द्या म्हनाल तर राहील. माझ्या एकटीच्यानं ठरंना. तुमचा ल्योक हाय."

मोठी माय म्हणाली, "इचार करून सांगते."

तो दिवस तिने त्या पट्टीतच काढला. संध्याने तिथे चटई टाकून दिली. शेवंताबाई मधून मधून जाऊन बसायच्या. मी एकदा डोकावले तर दोघी शेंगा फोडत होत्या आणि मोठी माय सांगत होती, पोराला जावळ किती होतं.

दुसऱ्या सकाळी तिने मिलिंदला बोलावलं. "हलवू नगा. एवढ्या वर्सांनी काय हाती लागनार? आन् नवी जागा कुनाची, तिथं त्याला वळखनारं कोन हाय? हितं बिल्डिंग झाली तर पोरं खेळतील वर. ऱ्हाऊ द्या त्याला त्याच्या गावात."

मिलिंद खरं बोलणारा माणूस. म्हणाला, "मोठी आई, तिथे पोरं खेळतील की गाड्या उभ्या राहतील, ते माझ्या हातात नाही."

"गाड्या तर गाड्या. पाया तर त्याच्यावरच उभा राहील ना?"

मग मात्र तिने एक मागितलं. जे आहे ते सगळ्यांना सांगायचं. लपवायचं नाही.

दुपारपर्यंत ते वस्तीभर झालं. संध्याकाळी माणसं यायला लागली. त्या पट्टीत चार-पाच जणच मावत, म्हणून बाकीचे घरातून, घरातून दारापर्यंत आणि दारातून गल्लीत उभे. वस्तीतल्या बुद्धविहारातल्या एका ताईंनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, सगळी गल्ली मागे म्हणत होती. कुणी खीर आणली, कुणी नुसती केळी. ज्याने विटा टाकल्या होत्या तो नानांचा मुलगा, आता स्वतः पोक्त झालेला, सदाफुलीच्या डब्याशेजारी हात जोडून उभा राहिला आणि शेवंताबाईंना म्हणाला, "काकी, तेव्हाच एकदा सांगायचं ना यार." मग यार म्हटल्याबद्दल जीभ चावली. शेवंताबाईंना हसू आलं.

नानांना दोघांनी धरून आणलं होतं. ते दगडाकडे पाहत राहिले आणि मालवणीत म्हणाले, "मी समजत होतंय हयसरलो सगळ्यात जुनो माणूस मी. जुनो ह्यो आसा. ह्या गावात जन्माक इलेलो पयलो माणूस."

कुणीतरी मोठ्या मायला बसायला खुर्ची दिली. येणारी प्रत्येक बाई तिच्या पाया पडत होती आणि ती या वेळी पाय मागे घेत नव्हती.

परत

सकाळी आमची गाडी होती. मी दोघींच्या पिशव्या भरल्या, तिचं लुगडं वाळलं नव्हतं ते तसंच घडी करून ठेवलं. ती आंघोळ करून आली आणि आपली पिशवी पुन्हा सोडायला लागली.

"काय करायलीस?"

"लुगडं काढते. वल्लं ठिवलंस, वास मारंल."

"अगं, बस चुकेल."

"तू जा. शेवंताची भांडी बांधायचीत अजून. सून नोकरीला जाती. तिला एकटीला हुतंय का?"

मी समजावून पाहिलं. औषधं, तिचा दमा, मुंबईची हवा, पायऱ्या.  शेवंताबाईंनी माझी नजर चुकवून ती पिशवी उचलली आणि आतल्या खणात ठेवली. मिलिंद म्हणाला, "ताई, राहू द्या. औषधं मी बघतो."

वाकोल्याला मी एकटीच गाडीत चढले.

गावात उतरले तशी पारावरच्यांनी विचारलं, गयाबाई कुठाय? मी म्हटलं, घरी राहिली. कुठल्या घरी? तिच्या. मग मी त्यांना सगळं सांगितलं, टेकडी, पाणी, मूल, आणि न्यायला आलेल्या तात्यांना तिने परत पाठवलं तेही. काहींना पटलं. एक म्हातारा म्हणाला, त्याला आठवतंय, तात्या तेव्हा ओट्यावर बसलेले त्याने पाहिले होते. मग इतके दिवस बोलला का नाहीस, असं मी त्याला विचारलं नाही. माझ्या भावाने मात्र विचारलं, "अंगठा?" आणि मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून बैलाला पाणी दाखवायला गेला.

पाऊस लागायच्या आत टेकडी रिकामी झाली. वस्तीतल्या लोकांना तात्पुरतं एका उंच इमारतीत ठेवलंय, मिलिंदचं घर सातव्या मजल्यावर आहे. पाडकाम सुरू झालं त्या दिवशी दोघी तिथे गेल्या होत्या का, हे मी विचारलं. मिलिंद म्हणाला, गेल्या होत्या, शेवटपर्यंत उभ्या होत्या, आणि येताना दोघींनी कलिंगड खाल्लं.

मागच्या रविवारी मी फोन केला. मोठी मायच बोलली. शेवंताबाईंना लिफ्टची भीती वाटते, एकट्या खाली उतरत नाहीत. "मी हात धरून नेते. दुष्काळात दोराला धरून हिरीत उतरलीय मी, ह्या पेटीचं काय भ्यायचं." दोघी रोज संध्याकाळी टेकडीकडे जाऊन बांधकाम बघून येतात. तिथल्या वॉचमनने त्यांच्यासाठी एक बाकडं ठेवलंय.

"गावाकडं कवा येणार?" मी विचारलं.

"अजून पायाच भरायलेत गं," ती म्हणाली. "एकदा अर्ध्यावर टाकून आले ना मी. आता बिल्डिंग उभी राह्यलेली बघूनच येते." मागून शेवंताबाईंनी तिला हाक मारली, आणि तिने फोन ठेवून दिला.